नेवाचा हुंकार

रेव्हरंड ट्रॅविक प्रवचनात थांबले, आणि ती जागा रिकामीच राहिली. एवढंच झालं. वर छताचे पंखे फिरत होते, बायकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलत होते, बाहेर कुणाची तरी गाडी खडी चिरडत उशिरा येऊन लागत होती; पण डेल्फीनला मात्र जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं. दर रविवारचं ठरलेलं होतं. प्रवचन अजून बोलण्यातच असे, सूर लागायचा असे. रेव्हरंड एखादं साधंसं वाक्य टाकीत, "त्या संध्याकाळी, मंडळी, तळ्याचं पाणी कसं अगदी शांत होतं," आणि कपाळाचा घाम टिपायला थांबत. मोठी माणसं अजून नीट बसत असत, चष्मे पुसत असत, पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद उलगडत असत. तेवढ्यात चौथ्या बाकावरून, डेल्फीनच्या काखेतून, एक बारीकसा आवाज येई, "हं! मग?" सगळी मंडळी हसे. म्हातारे डीकन एल्बर्ट मांडीवर थाप मारून म्हणत, "बोला रेव्हरंड, पोरगी वाट बघतेय!" ऑर्गनवरचा लेस्टर दोन स्वर दाबून बघे, आणि गाडी रस्त्याला लागे. डेल्फीनची चार वर्षांची लेक नेवा आपलं काम झाल्यासारखी पाय हलवत बसे. आज रेव्हरंडनी घाम टिपला, रुमालाची घडी केली, ती पुन्हा उलगडली. चौथ्या बाकाकडे पाहिलं. नेवा त्यांच्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून, ओठ आत ओढून घट्ट मिटलेले. शेवटी त्यांनी स्वतःच "हं" म्हटलं आणि पुढे गेले. चाक एका खळग्यातून गेलं आणि तो खळगा आपणच खणलाय, असं डेल्फीनला वाटलं.

गेल्या आठवड्यातलीच तर गोष्ट. हायवेपलीकडे काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, विटांची शाळा आहे, तिथं यंदापासून चार वर्षांच्या पोरांचाही वर्ग निघाला होता. आजवर गावात त्या वयाच्या पोरांना एकच ठिकाण होतं, चर्चच्या पोटातलं. चर्च उतारावर असल्यामुळे मागच्या अंगाला खाली एक लांबट दालन निघालं होतं. तिथं मिस रूथा 'हेड स्टार्ट' या सरकारी योजनेचा वर्ग चालवीत आल्या होत्या, आणि गाव तिला 'खालची शाळा' म्हणे. दोन्ही सरकारी, दोन्ही फुकट. पण खालची शाळा दुपारी लवकर सुटे, आणि डेल्फीन शेजारच्या गावात डायलिसिसच्या दवाखान्यात यंत्रांपाशी उभी असे ती पार संध्याकाळपर्यंत. विटांच्या शाळेची पिवळी बस दारात येणार होती, पोरं उशिरापर्यंत सांभाळणार होती, आणि पुढचे सगळे वर्ग त्याच छपराखाली होते. जागा थोड्या म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. नेवाची चिठ्ठी निघाली. डेल्फीनने गाडीत बसून मोठ्याने देवबापाचे आभार मानले होते. मग पोरीला बघायला म्हणून बोलावलं, आणि दोघी नवे बूट घालून गेल्या. बाई तरुण होत्या, मिस हॉलिस, उत्तरेकडच्या डोंगरातून आलेल्या, गोऱ्या, नाकावर ठिपके. आवाज पाण्यासारखा सपाट. त्यांनी टेबलावर ठोकळे मांडले. "नेवा, हा ठोकळा लाल आहे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आहेच!" नेवा म्हणाली. "आणि हा निळा." "सांगा, बाई, सांगा!" "आता मला पिवळा दे बरं." "हं! मग?" नेवा पुढे सरसावून बसली, डोळ्यांत चांदणं, तिला वाटत होतं, बाई आता रंगात येणार, आता सूर धरणार. बाईंनी पेन्सिल टेकवली. हळूच डेल्फीनकडे पाहून म्हणाल्या, "घरी पण असंच का? विचारलं त्याचं उत्तर येतच नाही? एकदा बोलण्याच्या तज्ज्ञांना दाखवू या का? काही काळजीचं नाही हं." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हेच तर वाईट होतं. डेल्फीनच्या कानशिलांतून गरम काहीतरी वर चढलं. ती वाकली, पोरीचं मनगट धरलं आणि दातांतून म्हणाली, "नेवा, इथे बोलायचं नसतं. गप्प बस, आणि सांगतात ते कर." नेवाने तिच्याकडे पाहिलं. मग पिवळा ठोकळा दिला. मग हिरवा. मनोरा रचला, घोडा दाखवला, सहापर्यंत बोटं मोजली, सगळं अचूक, सगळं मुक्याने. मिस हॉलिस खूष झाल्या. "बघा, येतंय की सगळं!" आणि त्या आनंदात डेल्फीनही हसली होती. ते हसू आता, चौथ्या बाकावर, तिला दाढेत अडकलेल्या दोऱ्यासारखं लागत होतं.

कारण ती चूक नेवाची नव्हती, घराण्याची होती. आणि तीच चूक अठराव्या वर्षी तिने स्वतः केली होती. मॉन्टगोमेरीला कॉलेजचा पहिलाच आठवडा, उतरत्या बाकांचं मोठं थोरलं सभागृह, शरीरशास्त्राचे सर. हृदयावर बोलत होते. चांगलं बोलत होते. "हा मूठभर स्नायू," ते म्हणाले, "आईच्या पोटात असताना जो हलायला लागतो, तो कुणाचीही परवानगी न घेता," आणि थांबले. त्या थांबण्यात डेल्फीनच्या तोंडून, तिला न विचारताच, निघून गेलं, "सांगा, सर, सांगा!" दोनशे माना वळल्या. सर दचकले, "काही शंका आहे का?" असं विचारलं त्यांनी, आणि मग मागून जो हशा उठला तो तिच्या मानेवर अजून आहे, उन्हाने जळलेल्या कातडीसारखा. काय वाईट केलं होतं तिने? माणूस चांगलं बोलत असताना त्याला एकटं कसं पडू द्यायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिने तोंडाला कडी घातली. टेलिफोनवरचा एक आवाज कमावला, दवाखान्यातला एक कमावला. चर्चमध्येसुद्धा तिची फक्त मान हलायची. आई जिवंत असताना म्हणाली होती, "डेल्फी, शहरातून सगळं सामान आणलंस, जीभ कुठे विसरलीस गं?" तेव्हा तिला राग आला होता. पण नेवा झाली आणि बोलू लागायच्या आधीच प्रवचनाला "अं" म्हणू लागली, तेव्हा आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात धडधाकट दिसावी तसा तिला आनंद झाला होता, आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता.

व्यासपीठावर रेव्हरंडना सूर लागला होता. आता बायबलातल्या गोष्टीतली ती होडी तळ्याच्या मध्यावर होती आणि वारा सुटला होता. बोलणं कधी गाणं झालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. तव्यावरचं लोणी कुठल्या क्षणी पातळ होतं, ते कुणी पाहिलंय? प्रत्येक ओळीच्या शेवटी रेव्हरंड एक खोल श्वास सोडीत, त्या श्वासावर लेस्टर ऑर्गनच्या स्वरांचा गोळा फेकी, आणि बाकांवरून आवाज उठत, "खरंय!" "सावकाश, रेव्हरंड, सावकाश!" "एकटे नाही तुम्ही!" प्रभू होडीच्या मागच्या टोकाला उशीवर झोपला होता, लाटा आत येत होत्या, आणि ते बिचारे शिष्य, रेव्हरंड गात होते, ते शिष्य घाबरून ओरडले, आणि मंडळी, तो उठला कशाने? वाऱ्याने नाही उठला. लाटांनी नाही उठला. आपल्या माणसांच्या आवाजाने उठला! सगळं चर्च उभं राहिलं. डेल्फीनही उभी राहिली. लहानपणापासून किती वेळा हे ऐकलं असेल, आणि दर वेळी या ठिकाणी तिच्या छातीतलं काहीतरी सैल होऊन वाहू लागे. आज वाहिलं ते खारट होतं. प्रभू, ती मनात म्हणाली, माझ्या पोरीचा आवाज मी झोपवला, तो आता कशाने उठायचा? खाली तिच्या स्कर्टला धरून नेवा उभी होती, ओठ मिटून, पण पाय मात्र ताल धरून होते. पायांना गप्प राहायचं कुणी सांगितलं नव्हतं.

प्रार्थनेनंतरची जेवणं खालच्या दालनातच होती. मासे, भाजलेला मक्याचा ब्रेड, कोलार्डच्या पानांची भाजी, आणि ओट्याच्या टोकाला मिस रूथा, हातात केकची सुरी. सत्तरीला आलेल्या, ठेंगण्या, डोक्यावर भरजरी टोपी. डेल्फीन काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझी हुंकारवाली आजारी आहे की काय? रेव्हरंड खड्ड्यात पडता पडता वाचले."

"आजारी नाही, मिस रूथा." डेल्फीनने सगळं सांगितलं, सुरीकडे बघत. सांगून झाल्यावर म्हणाली, "तिला तुमच्याकडेच पाठवते. कामाचं बघेन काहीतरी. तिकडे नको."

"का नको?"

"तिकडे ती मुकी होईल."

"आणि मुकी कुणी केली?" मिस रूथांनी केकचा तुकडा तिच्या ताटलीत आपटला. "त्या ठिपकेवाल्या पोरीने? बघ बाळा, मला पोरं हवीच आहेत. विटांच्या शाळेने माझी अर्धी नेली, या वर्षी वर्ग भरेल की नाही, ते वरचा बाप जाणे. तू आणलीस तर मी नाचून घेईन, या गुडघ्यांनी. पण भिऊन आणू नकोस. भिऊन आणलेलं पोर माझ्याकडे नुसतं लपायला येतं. तू नव्हतीस का माझ्या वर्गात वर्षभर या टेबलाखाली बसत?"

"पडदा होता ना त्याला. मला घर वाटायचं."

"घर कसलं! तुझी आई तुला शिलाईच्या कामावर जाताना सांगून जायची, नीट वाग, तोंड उघडू नकोस. तू आपली टेबलाखाली नीट वागत बसायचीस." मिस रूथा हसल्या, मग हसू पुसून हळू आवाजात म्हणाल्या, "जा, एकदा त्या विटांच्या शाळेत बसून बघ. पोरीला नको बघूस, जागेला बघ. आणि तो केक खा, उपाशी माणसाने शाळा ठरवू नये."

टेबल अजून तेच होतं. डेल्फीन केक खात त्याच्या पायाजवळ उभी राहिली आणि तिला खालून वर दिसणारं ते जुनं जग आठवलं: दुपारी कॅनव्हासच्या खाटा लागत, खिडक्यांवर ब्राउन पेपर ओढला जाई, सगळी पोरं झोपत, आणि वरच्या मजल्यावर तेव्हाचे म्हातारे रेव्हरंड येत्या रविवारचं प्रवचन घोकत फिरत. पावलं इकडून तिकडे, तिकडून इकडे. शब्द कळत नसत, लाकडातून नुसता सूर गळून येई, आणि त्याबरोबर फळ्यांच्या फटींतून बारीक धूळ, उन्हाच्या तिरिपीत सोन्यासारखी. रेव्हरंड थांबत. आणि झोपेत असलेली, अर्ध्या झोपेत असलेली, झोपेचं सोंग घेतलेली पोरं एका आवाजात घशातल्या घशात "हं" करत. कुणी शिकवलं नव्हतं. वर त्या म्हाताऱ्याला ते ऐकू जात असेल का? तिने हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. आज तिला खात्री वाटली, जात असलं पाहिजे. नाहीतर तो माणूस रिकाम्या चर्चमध्ये एवढा वेळ कशाच्या जोरावर गात होता?

सोमवारी क्विंटनचा, नेवाच्या बापाचा फोन आला. तो नदीवर मालवाहू बार्जवर कामाला. घरी कमी, पाण्यावर जास्त. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन शाळा आहेत, दोन्ही फुकट, दोन्ही तुझ्या पोरीला घ्यायला तयार. आणि तू रडतेस. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तुला चपलेने मारलं असतं." डेल्फीन हसली. मग फोन नेवाकडे दिला. नेवाने बापाची नदीवरची सगळी गोष्ट ऐकली, बगळा, धुकं, आचाऱ्याने जाळलेली बिस्किटं, आणि मधे एकदाही काही म्हटलं नाही. "नेवा? आहेस ना तिथं?" क्विंटन दोनदा विचारत होता. नेवा मान हलवत होती. फोनला मान दिसत नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं. डेल्फीनने भांड्यांचा नळ मोठा सोडला.

मंगळवारी विटांच्या शाळेत जागा घेतल्याचं किंवा सोडल्याचं सांगायचं होतं. त्याच सकाळी सगळ्या नव्या पोरांना आईबापांसह वर्ग बघायला बोलावलं होतं. डेल्फीन सोडल्याचं वाक्य पाठ करून आली होती, दवाखान्यातल्या आवाजात: आपले आभार, पण आम्ही दुसरीकडे सोय केली आहे. पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. वर्ग नव्या रंगाचा वास मारत होता. गालिच्यावर पोरं बसली होती, मागे बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. मासे पाळायच्या तळ्यांवर काम करणारा एक आडदांड बाप रबरी बुटांसकट त्या खुर्चीत मावत नव्हता. मिस हॉलिस गोष्ट वाचायला बसल्या. एका कासवाची होती. कासव रस्त्याकडेच्या चरात राहतं, चर आटलाय, तळं रस्त्यापलीकडे आहे. "कासवाने डोकं बाहेर काढलं," बाई त्या सपाट आवाजात म्हणाल्या, आणि चित्र दाखवायला थांबल्या. काही नाही. पान उलटल्याचा आवाज. "रस्ता फार रुंद होता." थांबल्या. एक बाप खाकरला. पोरं नीट वागत बसली होती, सगळीच, हात मांडीवर. आणि डेल्फीनला एकाएकी दिसलं की यातली निम्मी पोरं तिला ठाऊक आहेत, मेथडिस्ट चर्चमधला तो मोठ्या कानपाळ्यांचा मुलगा, टेकडीवरच्या चर्चमधल्या त्या जुळ्या, रविवारी बाक दणाणून सोडणारी. आणि सगळ्यांच्या आयांनी सकाळी बूट बांधता बांधता तेच एक वाक्य सांगितलंय. एका टेबलाखाली एवढी पोरं! आणि समोर ती पोरगेली बाई, पुस्तक दोन्ही हातांनी उभं धरलेली, दर ओळीनंतर थांबते, कुणी येतंय का बघते, कुणी येत नाही, पुन्हा एकटीच पुढे निघते. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. डेल्फीन ते चट्टे ओळखत होती. ती भीती होती. हिलाही भीती वाटते! एवढी माणसं समोर आणि एकही सोबतीला नाही.

"कासवाने पहिलं पाऊल टाकलं," मिस हॉलिस म्हणाल्या.

"सांगा, बाई!" डेल्फीन म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. दवाखान्यातला नव्हे, टेलिफोनवरचा नव्हे. हा आवाज कुठे होता इतकी वर्षं, तिलाच कळेना, जरा गंजलेला, तिच्या आईसारखा. सगळ्या माना वळल्या. मानेवर ती जुनी जळजळ आली, थांबली, आणि काही न करता गेली. नेवा गालिच्यावरून ताडकन उठली, धावत आली आणि दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं. "मम्मा," ती घाबरून कुजबुजली, "इथे बोलायचं नसतं!"

त्या छोट्या घामट तळव्यांमागे डेल्फीनचे ओठ हलले. तिने हात हळूच बाजूला केले, धरून ठेवले. "असतं," ती म्हणाली. "मी तुला चुकीचं सांगितलं होतं, बाळा. त्यांना सोबत लागते. बघ, एकट्याच चालल्यात."

नेवाने वळून मिस हॉलिसकडे पाहिलं. मिस हॉलिस डेल्फीनकडे बघत होत्या, पुस्तक मांडीवर आलं होतं. "त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "ठोकळ्यांच्या वेळी... ती हेच करत होती का?"

"हो."

"मला वाटलं तिला कळत नाहीये."

"तिला वाटलं तुम्ही अजून सुरुवातच केली नाहीये."

मागून आडदांड बाप फिसकन हसला. "सावकाश, बाई," तो म्हणाला, "घाई नाही आम्हाला. कासवालाही नाही." आणि हशा पिकला, पण तो अंगावर येणारा नव्हता, अंगावर शाल पडावी तसा होता. मिस हॉलिस लाल झाल्या, हसल्या, पुस्तक उचललं. कासव दुसरं पाऊल टाकतं झालं. "टाक रे!" कानपाळ्यावाला ओरडला. तिसरं. "खरंय!" एक जुळी, "खरंय!" दुसरी. बाईंना सूर काही येत नव्हता, त्यांच्या डोंगरात तो नसेल, पण थांबायचं कुठे ते येऊ लागलं होतं. आवाज एका जागी वर गेला, त्यांचं त्यांनाच नवल वाटून खाली आला. नेवा आईच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तोंड मिटलेलं. डेल्फीनने तिला ढोसलं नाही. मनातल्या मनात फक्त म्हणाली, प्रभू, मी माझं बोलले, आता तुझं तू बघ. कासव रस्त्याच्या मधोमध आलं, लांबून लाकडांचा ट्रक येताना दिसला, आणि तेवढ्यात दार उघडून मुख्याध्यापक आत आले, हसतमुख, टाय सरळ करत. "चला मंडळी, छान! आता सगळ्यांनी जेवणघर बघायचं, तिकडे लोक खोळंबलेत."

खुर्च्या सरकल्या. मिस हॉलिस पुस्तक मिटून उठल्या. पोरांची रांग लागू लागली, रबरी बुटांचा बाप एकदाचा खुर्चीतून सुटला. फक्त नेवा हलली नाही. ती गालिच्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, पाय फाकवून, आणि डीकन एल्बर्टनाही पाठीमागच्या बाकावर ऐकू गेला असता अशा आवाजात म्हणाली, "कासव रस्त्यात आहे!"

"बाळा, ते आपण शाळा सुरू झाली की—" मुख्याध्यापक म्हणाले.

"ट्रक येतोय ना!" नेवाचा आवाज चढला. "तुम्ही जेवायला चाललात, आणि ते रस्त्यात आहे! बाई, म्हणा ना पुढे! म्हणा!"

रांग थांबली. मिस हॉलिसनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, जेवणघराच्या दिशेला पाहिलं, आणि मग त्या पुन्हा खाली बसल्या. पान सापडेपर्यंत पोरं रांग मोडून गालिच्यावर कोसळली होती, नेवा सगळ्यांच्या पुढे, बाईंच्या गुडघ्याला नाक लावून. डेल्फीनला तिचं पाठ केलेलं वाक्य आठवेना. मिस रूथांना सांगावं लागेल. गुडघ्यांवर हात ठेवून त्या म्हणतील, जा तुमच्या विटांत. आणि मग केक कापतील, मोठा तुकडा, कारण त्या रागावल्या की मोठे तुकडे कापतात. बाईंनी श्वास घेतला. डेल्फीनने खांद्यावरची पर्स काढली, खुर्चीखाली सरकवली आणि नीट बसली.